पट्ट्यावरचा शेवटचा आकडा

मागच्या हिवाळ्यात सरांनी आणि मी अमरावतीच्या कडेच्या या तलावावर एक पट्टकादंब पाहिला होता. हे हंस हिमालयापलीकडून येतात. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्यांमुळे ते लगेच ओळखू येतात. पण या एकाच्या गळ्यात प्लास्टिकचा तांबडा पट्टा होता आणि त्यावर पांढऱ्या रंगात इंग्रजीत 'एच ५८' असं लिहिलेलं होतं. असा पट्टा दिसला की फोटो काढून अभ्यासकांना पाठवायचा, ही आम्हा पक्षी पाहणाऱ्यांची रीत. मग उत्तर येतं. पक्ष्याला पट्टा कुठे बांधला, त्यानंतर तो कुठे कुठे आणि कोणाकोणाला दिसला, सगळं त्यात असतं. आमच्या पक्ष्याच्या उत्तरात शेवटच्या ओळीत सरांचं नाव आणि माझं नाव शेजारी शेजारी होतं.

उन्हाळ्यात सर गेले.

ते मला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी चांदूर रेल्वेहून गाडीने ये-जा करायचो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. घरी पाखरं म्हणजे ज्वारी खाणारी, गोफणीनं उडवायची. त्यांना नावं असतात आणि ती नुसती पाहत बसावीत, हे मला सरांनी दाखवलं. नोकरी लागून अमरावतीत राहायला आलो तेव्हापासून माझे रविवार त्यांच्यासोबतच जायचे. त्यांचे उपकार मोजायला बसलो तर पक्षी त्यातला लहानसा भाग आहे.

या हिवाळ्यात मोबाईलवरच्या आमच्या ग्रुपवर निरोप आला, की तलावावर हंस उतरलेत, एकाच्या गळ्यात तांबडा पट्टा आहे, नंबर वाचता आला नाही. मला रात्रभर एकच वाटत राहिलं, तो आपलाच असावा. म्हणजे त्याच्या हकिकतीत सरांच्या नावाखाली आणखी एक ओळ येईल.

रविवारी उजाडताच गेलो. शहर आता तलावाच्या तीन बाजूंनी आलं आहे. विसर्जनातले बांबूचे सांगाडे काठाला अडकलेले आहेत आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात. फिरायला येणारे एक गृहस्थ थांबले.

"जयभीम साहेब. आज एकटेच?"

"जयभीम. हो."

त्यांना माहीत नसावं. मी दुर्बीण डोळ्यांना लावली.

हंस पलीकडच्या काठाला, बाभळींच्या खाली होते. पूर्वी सर दुर्बिणीतून पाहायचे आणि मला नुसतं सांगायचे, "डावीकडून तिसरा, मान वर करून राहिला," आणि मी कॅमेरा तिकडे वळवायचो. आता दुर्बीण खाली ठेवून कॅमेरा उचलेपर्यंत जागा हरवत होती. शेवटी तांबड्या पट्ट्याचा सापडला. तो मान पाठीवर वळवून झोपला होता आणि पट्टा पिसांत अर्धा बुडाला होता. फोटो घेतला, पडद्यावर मोठा करून पाहिला. एच. पाच. पुढचा आकडा तीन की आठ, कळेना. जितकं पाहावं तितका तो आठ होत गेला.

नंबर वाचण्याचा सरांचा एक नियम होता. आधी मोठ्याने बोलायचं नाही. "बोलजो नको. मनात वाच," असं ते म्हणायचे. दोघांनी मनात वाचायचा आणि मग सांगायचा. एकाने आधी सांगितलं, की दुसऱ्यालाही तेच दिसायला लागतं. एकट्याने हा नियम कसा पाळायचा, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

तेवढ्यात मागून आवाज आला. "काका, जरा बाजूले होता काय? फ्रेममंदी येऊन राहिले तुमी."

लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं होतं. दाढीवाला फोटोग्राफर मला हाताने बाजूला सारत होता. मी सरकलो. मग न राहवून कॅमेरा त्याच्यापुढे धरला. "याच्या गळ्यातला नंबर वाचता का जरा?"

"बदकाच्या गळ्यात नंबर?"

"हंस आहे."

"मले तं बदकच दिसून राहिलं." त्याने डोळे बारीक केले. "एच... त्रेपन्न. नाहीतं अठ्ठावन्न. हाललाय काका फोटो."

"लवकर करा ना दादा," नवरी ओरडली. "माहा मेकअप उतरून राहिला."

त्याने ड्रोन उडवला. घरघर पाण्यावरून पलीकडे गेली आणि सगळ्या हंसांनी एकदम माना वर केल्या. मी बटण दाबून धरलं. ते उडाले तेव्हा माझ्याजवळ एक स्पष्ट फोटो होता. मी तो मनात वाचला आणि पुन्हा त्याच्यापुढे धरला.

"त्रेपन्न," तो म्हणाला. "आता एकदम क्लिअर. हेच पाहिजे होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

थवा तलावाच्या दुसऱ्या टोकाला उतरला. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी एकेका हंसाच्या गळ्याकडे पाहत राहिलो. दुसरा पट्टा कोणाच्याच गळ्यात नव्हता. अठ्ठावन्न नंबरचा दुसऱ्या एखाद्या पाण्यावर असेल, किंवा या वर्षी आलाच नसेल. जोडपं निघून गेलं.

बांधावर बसून मोबाईलवर नोंद भरली. पाहणाऱ्यांची नावं, असं विचारलं होतं. तिथे माझं एकट्याचं लिहिलं. पाठवण्याआधी फोटो पुन्हा एकदा मोठा करून पाहिला. तीनच होता. पाठवून दिला.