गुण्यादादाची न गळणारी पेटी

सुताराकडे काटकोन तपासायचं एक हत्यार असतं, त्याला गुण्या म्हणतात. आमच्या या सुताराच्या खिशात ते जेवतानासुद्धा असायचं, म्हणून लोकांनी त्याचं नावच गुण्यादादा पाडलं. ताट वाकडं वाढलं तरी तो सरळ करून मग घास घ्यायचा. त्याची बायको म्हणायची, "लग्नाआधी यांनी माझ्या नाकालाही गुण्या लावून बघितला असणार!"

त्याची कामं मात्र अशी, की बघत राहावं. त्याचं कपाट बंद केलं की आत मुंगी शिरायची नाही. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं घरातलं एक काम वर्षानुवर्षं मागे पडलं होतं. ते काम म्हणजे बायकोच्या झाडाची पेटी.

झाड होतं जपानी देवदार. रानात मोकळं वाढलं तर आभाळाला टेकणारं, पण या बाईनं ते गच्चीवर एका जुन्या पत्र्याच्या डब्यात वाढवलं. रोपवाटिकेतून आणलं तेव्हा ते ओंजळीत मावत होतं. पोरबाळ नव्हतं, मग सगळी माया तिकडे. कोवळे शेंडे ती नखांनी खुडायची. कात्री लावली की टोकं करपतात म्हणे. गुण्यादादाच्या कपाटातल्या कात्र्यांकडे बघून ती बोट नाचवायची, "खबरदार!" एवढ्या प्रचंड जातीचं झाड तिनं आपल्या खांद्याएवढं राखलं होतं. झाडाशी ती बोलायची, आणि नवऱ्याशी बोलताना जो आवाज चढायचा तो झाडाशी कधी चढला नाही.

शेवटी डब्याचा तळ गंजून गळून पडला आणि त्याच सुमारास तिनं अंथरूण धरलं. मग मात्र गुण्यादादा खडबडून जागा झाला. सागाच्या फळ्या रंधून आरशासारख्या केल्या, सांधे असे जुळवले की केस जाणार नाही, आणि आतून डांबराचा हात फिरवला. पेटी तयार झाली तेव्हा दुकानासमोर बाकावर ठेवून काठोकाठ पाण्यानं भरली. दुसऱ्या दिवशीपर्यंत बाक कोरडा ठणठणीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून धरून दाखवलं त्यानं.

पेटी वर आणली तेव्हा बायको उशीला टेकून बसली होती. तिनं फळीवरून हात फिरवला. डोळे भरून आले तिचे. मग म्हणाली, "अहो, झकास झालीये. आता तळाला चारपाच भोकं पाडा."

"भोकं?" गुण्यादादाला कुणी कानफटात मारल्यासारखं झालं. "अगं, थेंब गळत नाही हिच्यातून! आणि मीच भोकं पाडू? लोक म्हणतील, म्हाताऱ्याला फळी जुळवता येईना."

"पाणी जायला वाट नको का? मुळं कुजतील."

"तू आहेस ना पाणी घालायला. मोजून घाल."

ती हसली. "बरं बाबा, राहू द्या. तुमची पेटी आणि तुमचा हट्ट, दोन्ही पक्के."

आणि खरंच तिनं निभावलं. मातीत बोट खुपसून बघायची, कोरडी लागली तरच झारीनं थोडंसं पाणी. उठवेना तेव्हा गुण्यादादा पेटी खाटेपाशी ओढून आणायचा. बोटाला माती लागली की तिचा चेहरा खुलायचा. एकदा तिनं सांगून ठेवलं, "थंडीत हे तांबूस पडतं हं. मेलं म्हणून घाबरू नका. ऊन तापलं की आपोआप हिरवं होतं."

थंडी सुरू होण्याआधीच ती गेली.

आता या माणसाला रडायचं कसं हे ठाऊक नव्हतं. घर खायला उठायचं. सकाळी उठून हाताला काहीतरी काम हवं, म्हणून तो झारी भरायचा आणि झाडाला घालायचा. सगळी झारी. एखाद्या दिवशी जीव फारच कासावीस झाला तर दुसरीही. मातीत बोट घालून बघणं हे तिचं काम होतं, ते आपण करावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

झाड तांबूस पडलं. मेहुणी भेटायला आली, गच्चीवर गेली आणि नाकाला पदर लावून परत आली. "भावोजी, झाड गेलं का हो? वास येतोय."

"थंडीचा रंग आहे तो. तुझ्या ताईनंच सांगितलंय."

"रंगाचं कोण बोलतंय? मी वासाचं म्हणते."

"तुझं नाक आधीपासूनच लांब," गुण्यादादा म्हणाला, आणि त्या घरात कितीतरी दिवसांनी दोघं हसली.

ऊन तापलं. समोरची झाडं पालवली. गुण्यादादा रोज खुर्ची टाकून बसायचा, एकेक फांदी न्याहाळायचा, आणि मग झारी भरायचा. एक दिवस त्यानं शेंडा नखांनी खुडायला धरला, ती खुडायची तसा. शेंड्याचा बोटांत चुरा झाला. त्यानं खोड धरून हलवलं तर झाड मुळासकट हातात आलं. माती नव्हतीच ती, काळा आंबलेला चिखल. पेटीतून इतक्या दिवसांत खरोखरच थेंब गळला नव्हता.

मेहुणी जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा तो गच्चीवर गुडघे टेकून बसला होता. झाड भिंतीला टेकवून ठेवलेलं. रिकामी पेटी पालथी घातलेली, आणि तो हातगिरमिटानं तळाला भोकं पाडत होता. सागाचा भुसा त्याच्या पायांवर पडत होता. प्रत्येक भोक गुण्या लावून, मापात.

"आता कशाला, भावोजी?" ती हळूच म्हणाली.

"तिनं सांगितलं होतं," तो म्हणाला.

मग त्यानं पेटी सरळ केली आणि झारी भरून रिकाम्या पेटीत ओतली. पाणी खालून निघालं, त्याच्या धोतराखालून, मेहुणीच्या पायांखालून पसरत गेलं. तो उठला नाही. सगळं वाहून जाईपर्यंत त्याच ओल्यात बसून राहिला.