गार पाण्यातला सांगावा

माझी नणंद मत्स्यबीज केंद्राच्या प्रयोगशाळेत आहे. तिच्याबद्दल वहीतच लिहिते, कारण घरात तिचं नाव काढायची सोय नाही. सासूबाई अंथरुणाला खिळल्या, त्याच वर्षी तिला ही लांबची नोकरी लागली. आमच्या यांनी बजावलं, गेलीस तर परत येऊ नकोस. ती गेली. सासूबाई वारल्या तेव्हा आली, ती पायरीवरूनच परतली. त्याला सहा वर्षं झाली. दादाने एकदा 'ये' म्हणावं, एवढंच तिचं मागणं.

हे कामावर असले की दुपारी तिचा फोन येतो. बोलते माशांबद्दलच. माशाला जखम झाली की तिथल्या पेशी बारीक रेणू सोडतात, त्यांना सायटोकाइन म्हणतात. मी आपलं सांगावा म्हणते. तो पोचला की लढणाऱ्या पेशी धावून येतात, जागा लाल होते, सुजते. सांगावे फार सुटले तरी मासा त्यानेच खचतो. ते मोजणं तिचं काम. पूर्वी हे तिला चिडवायचे, माशांची नाडी बघणारी वैदीण म्हणून.

परवा सांगत होती, जाळ्यात खरचटलेल्या माशांच्या हौदाचा हीटर बंद पडला. ना लाली, ना सूज, मासे अगदी शांत. मी म्हटलं, "बरं झालं बाई, देवाची कृपा."

"नाही वहिनी. पाणी गार पडलं, सांगावा निघालाच नाही. चार दिवसांत निम्मे गेले."

नंतर देवापुढे बसले, पण जप पुढे सरकेना. सहा वर्षं मी एकच मागत आले, घरात शांतता राहू दे. आणि देवाने दिली होती की! जेवताना वाटीचा आवाज होईल तेवढाच.

काल जेवताना मी मुद्दाम तिचं नाव काढलं. यांचा आवाज चढला. आईला शेवटी तीच हवी होती, म्हणाले, आणि अर्ध्या ताटावरून उठले. खिडकीशी जाऊन चष्मा काढला, डोळे पुसले. बराच वेळ तिथेच उभे होते.

आज तिला सगळं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "पण ये म्हणाला का?"

हो म्हणून टाकावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण नुकतीच पूजेवरून उठले होते. "नाही," म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. फोन मात्र ठेवेना.

"वहिनी, दादाला चष्मा कधी लागला?"