गढीची किल्ली

दसऱ्याला आमच्या घरी तलवारीशेजारी वीतभर लांब लोखंडी किल्ली पुजली जायची. देपालपूरच्या पुढे एक गढी होती, तिची. वडील तिथले शेवटचे कारभारी. इंदूर संस्थान विलीन झालं तेव्हा त्यांनी दाराला कुलूप घातलं आणि रीतसर ताबा घ्यायला कुणीतरी येईल म्हणून किल्ली घरी आणली. कुणी आलं नाही. हुकुमाशिवाय तिथे पाऊल टाकणं गैर, म्हणून वडीलही कधी गेले नाहीत.

पुढे मध्यप्रदेश झाला, कचेऱ्या भोपाळला निघाल्या. विलीनीकरणानंतर इंदूरच्या कचेरीत लागलेल्या वडिलांनाही बदलीचा कागद आला. गढी आपल्या भरवशावर आहे, इंदूर कसं सोडायचं, म्हणून त्यांनी नोकरीच सोडली आणि बड्या गणपतीजवळ कापडाच्या दुकानात गज हातात घेतला. आई त्या किल्लीला सवत म्हणायची.

मी दहा वर्षांची होते तेव्हा वडिलांचं छातीचं दुखणं बळावलं. "किल्ली तिथल्या पटवाऱ्याच्या हाती तरी देऊन येतो," म्हणाले. सोबतीला मला घेतलं.

"वापस आणू नका बस," आई म्हणाली.

मोटारीतून उतरून हरभऱ्याच्या शेतांमधून कोसभर चाललो. वडिलांनी दरबारची पगडी घातली होती. खोकत थांबायचे, पगडी सारखी करायचे, पुन्हा चालायचे.

गढीला दारच नव्हतं. नुसती दगडी चौकट, आत म्हशी. शेण काढणारा म्हातारा म्हणाला, "ताला तो रियासत गई उसी साल तोड़ दिया था, बाऊजी. किवाड़ भी ले गए लोग."

"उसी साल?" वडिलांनी दोनदा विचारलं. मग चपला काढून, शेणातून एकेक खोली पाहून आले.

मला त्यांची दया आली नाही, भयंकर राग आला. बदलीवर गेलेल्यांच्या मुली भोपाळला सरकारी क्वार्टरात राहत होत्या. पटवाऱ्याकडे आम्ही गेलोच नाही. परतताना मोटारीत त्यांनी किल्ली माझ्या थैलीत, भाकरीच्या फडक्याखाली सरकवली. "आईला बोलू नको," एवढंच म्हणाले.

आईने दारातच विचारलं, "दिली?"

"दिली."

"कागद घेतला ना?"

"घेतला."

"चला, सुटलो एकदाचे," म्हणत तिने शिरा करायला घेतला. फडकं धुवायला टाकायचं म्हणून तिने थैलीला हात घातला, तशी मी ती मांडीवर ओढून घेतली आणि तशीच जेवायला बसले.