तिसऱ्या घंटेच्या आत

स्कूटर सुरू केली तेव्हा मी वारज्यात होते, पण जीव कधीच सदाशिव पेठेतल्या नाट्यगृहात जाऊन बसला होता. मागे नवरा, त्याच्या मांडीवर तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. लेकीच्या कॉलेजची एकांकिका! पडदा उघडला की पहिलं वाक्य तिचं, आणि त्या पहिल्या प्रवेशानंतर ती रंगमंचावर पुन्हा येतच नाही. म्हणजे तिसरी घंटा झाली आणि आपण बाहेर असलो, तर संपलं. मागच्या वर्षीच्या स्पर्धेत मी बाहेरच राहिले होते.

का, ते सांगते. चाकाखाली खड्डा आला की मला वाटायचं, माणूस आला. खड्डाच आहे हे कळायचं, तरी मी मागे वळून बघायला जायची. तिथे कुणी नसायचं. पुन्हा निघाले की वाटायचं, आपण नीट बघितलंच नाही. लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं असेल तर? पुन्हा वळायची. पुण्याच्या रस्त्यांवर हे दुखणं म्हणजे पूर्णवेळ नोकरीच. एकदा कर्वेनगरच्या एका गल्लीत माझ्या फेऱ्या बघून गॅलरीतले आजोबा म्हणाले, "बाई, फ्लॅट शोधताय का? इथे एकही रिकामा नाही."

मागच्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी मी अशीच फिरत राहिले. पोचले तेव्हा लेक तोंडावरचा रंग पुसून पायरीवर बसली होती. तिने एवढंच विचारलं, "सापडलं का कुणी?" मला इतकी लाज वाटली, इतकं रडू आलं, की दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टर शोधायला लागले.

सदाशिव पेठेतच, एका दुसऱ्या मजल्यावर, मानसोपचारतज्ज्ञ बाई भेटल्या. सगळं ऐकून घेऊन त्या "ओसीडी" म्हणाल्या आणि मला हसूच फुटलं. "मला? अहो, माझा ओटा बघायला या एकदा!" ओसीडी म्हणजे सारखे हात धुणारी, चादरीवरची सुरकुती न खपणारी माणसं, एवढंच मला ठाऊक.

"हात धुणं हे त्याचं एक रूप झालं," त्या म्हणाल्या. "मनात नको तो विचार घुसतो, भीती वाटते आणि ती घालवायला माणूस काहीतरी करत राहतो. तुम्ही वळून बघता. बघितलं की घटकाभर बरं वाटतं, म्हणून मन पुढच्या वेळी पुन्हा तेच मागतं."

मी आनंदाने खुर्चीतून उडायचीच बाकी होते. माझ्या वेडेपणाला नाव होतं! अमरावतीला माझ्या माहेरी याला मंत्रचळ म्हणून मोकळे झाले असते. इथे त्यावर चक्क उपचार होता. शनिवारी त्यांच्याकडे अशा लोकांचा गट जमायचा. तिथे आयटीतला एक मुलगा म्हणाला की गाडीला दणका बसला की तोही परत जाऊन बघतो. मी शाळेतल्यासारखा हात वर करून ओरडले, "मीपण!" सगळे हसले, तोही हसला. असा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

गोळ्या सुरू झाल्या, पण खरा अभ्यास होता तो न वळण्याचा. शंका येऊ द्यायची आणि तिला घेऊनच पुढे जायचं. सुरुवातीला सोसायटीबाहेरचा साधा गतिरोधक ओलांडला तरी मी रडकुंडीला यायची.

नवऱ्यालाही अभ्यास मिळाला. आजवर मी "कुणाला लागलं नाही ना रे?" विचारायची आणि तो बिचारा "नाही गं, खड्डा होता" म्हणायचा. डॉक्टर म्हणाल्या, हा दिलासाही वळून बघण्यासारखाच, तो बंद करा. पेठेत वाढलेला माणूस तो, त्याला केवढा हुरूप आला! "म्हणजे तिरकस बोलायला आता मला डॉक्टरांची चिठ्ठी आहे," म्हणाला.

तर त्या दिवशी म्हात्रे पुलाच्या अलीकडे बसला वाट देताना चाकाखाली धाडकन काहीतरी आलं.

"काय होतं रे ते?"

"असेल काहीतरी."

"माणूस?"

"असू शकेल. तू पुढे बघ, नाहीतर आता नक्की येईल एखादा."

मला त्याचा भयंकर राग आला आणि हसूही आलं. डोक्यात एकच घोष चालू होता, माणूस मेलाय, माणूस मेलाय. पुढेच वळायला जागा होती आणि माझा अंगठा इंडिकेटरवर गेला. नवऱ्याने ते पाहिलं असणार. पुऱ्यांचा डबा तेवढा माझ्या पाठीला घट्ट टेकला.

"असेल!" मी मोठ्यांदा म्हणाले. शेजारचा रिक्षावाला दचकून बघायला लागला. मी अंगठा काढला आणि पूल पार केला.

स्कूटर वाकडीतिकडी लावली आणि पळत सुटले. दुसरी घंटा जिन्यात ऐकली. तिसरी झाली तेव्हा मी खुर्चीत होते, धापा टाकत. पडदा उघडला. माझी लेक समोर उभी होती आणि तिचं पहिलं वाक्य मागच्या रांगेपर्यंत खणखणीत ऐकू आलं. शंका तेव्हाही होतीच, पण ती बसली माझ्या शेजारी नाटक बघत.

प्रयोग संपल्यावर लेक रंगलेल्या चेहऱ्यानेच धावत बाहेर आली. मला बघून थबकली.

"आज कुणाला उडवलंस?"

"काय माहीत! बघायला गेलेच नाही."

मग अशी मिठी मारली तिने, की चेहऱ्यावरचा सगळा रंग माझ्या नव्या ड्रेसवर उतरला.