नखं पाहणारे मास्तर

"हात दाखव."

हे दोन शब्द मास्तरांच्या तोंडून निघाल्याशिवाय आमच्या जिल्ह्यातला कबड्डीचा एकही मोठा सामना सुरू होत नसे. तुम्ही कबड्डी पाहिली असेल तर चढाया पाहिल्या असतील, पकडी पाहिल्या असतील. पण सामन्याच्या आधी पंच खेळाडूंची नखं तपासतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. बाकीचे पंच रांगेवरून नुसती नजर फिरवत. मास्तर एकेकाचा हात हातात घेत. आधी तळवा, मग उलटा. शिट्टीच्या दोरीलाच त्यांनी नेलकटर बांधलेलं असायचं. वाढलेलं नख दिसलं की स्वतः कापायचे, खेळाडू कितीही मोठा असो. हात पसंत पडला की त्यावर हलकेच थोपटायचे. थोपटलं म्हणजे तू खेळायला मोकळा.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. ते नांदेडला एस.टी.त कंडक्टर होते, आणि कंडक्टरला आपल्याकडे मास्तरच म्हणतात. शाळेतला मास्तर मी. सामन्यांचं गुणलेखन माझ्याकडे असल्यामुळे मैदानाच्या कडेला त्यांच्या जवळच माझं टेबल असायचं. ते मला गुरुजी म्हणत. दोघांनी मिळून घरी किती उजेड पाडला, हा आमच्या बायकांचा आवडता विषय होता.

सवय इतकी मुरलेली की एका खेळाडूच्या लग्नात नवरदेव पाया पडायला वाकला, तर आशीर्वादाच्या आधी हे म्हणाले, "हात दाखव." बोटात नवी कोरी अंगठी. मैदानात अंगठी चालत नाही, त्या सवयीनं मास्तरांनी ती काढायला लावली, मग भानावर आले आणि परत घातली. मांडवात हशा पिकला. नवरीकडच्या एका म्हातारीला मात्र वाटलं, हे ज्योतिषी आहेत. ती पुढे होऊन आपला हात दाखवू लागली. मास्तरांनी तिचीही नखं पाहिली.

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं. "रेषेच्या आतलं माझं. बाहेरचं पोलिसाचं." लोह्याच्या संघातला एक जण जुगाराच्या धाडीत सापडला आणि सुटून तसाच मैदानात आला. लोक ओरडायला लागले, याला बाहेर काढा. मास्तरांनी त्याचे हात पाहिले. "नखं कापलेली हायेत. उभं राहू द्या." मला ते शहाणपणाचं वाटलं. जो तो आपल्या गावकीचा राग मैदानात आणू लागला तर खेळायला उरणार कोण?

मग भूकंप झाला. गणपती बोळवून लोक निजले होते ती पहाट मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मास्तरांचं मूळ गाव औशाच्या पलीकडे. तिथे त्यांचा भाऊ, भावजय आणि पोरं. आम्ही ट्रकमधून पोचलो तेव्हा घर ओळखायला गल्लीच शिल्लक नव्हती. दगडमातीच्या जाड भिंती एकमेकींवर बसलेल्या. मास्तर एका ढिगाऱ्यावरून दुसऱ्यावर जात होते आणि भावाला नावानं हाक मारत होते.

आमच्याबरोबर संघातले काही खेळाडू होते. त्यांत मुखेडकडचा एक जण होता. डावा कोपरा सांभाळायचा. घोटा धरला की चढाई करणारा जागचा हलत नसे. पहारी मिळायला उशीर होत होता, तर तो हातांनीच दगड उपसायला बसला. दुपारी त्यानं मास्तरांच्या भावाला बाहेर काढलं. भाऊ गेलेला होता. काढणाऱ्याची नखं मुळापासून उलटली होती. मास्तरांनी आपला टॉवेल फाडला आणि त्याचं एकेक बोट बांधलं.

या माणसाला मी यापुढे पत्रेवाला म्हणणार आहे. मला आवडतं म्हणून नव्हे. सगळा जिल्हा त्याला पुढे तेच म्हणू लागला.

त्याची बहीण भूकंपाच्याच पट्ट्यात दिलेली. ती भाड्याच्या घरात राहायची. घर पडलं तेव्हा मदतीतले छपराचे पत्रे घरमालकाला मिळाले, भाडेकरणीला मिळाले नाहीत. पोरं घेऊन ती प्लास्टिकखाली बसली होती. पत्रेवाला मदतीच्या गोदामावर हमालीला होता. त्यानं थोडे पत्रे न विचारता एका टेम्पोत टाकले आणि बहिणीकडे निघाला. नाक्यावर पकडला गेला. पेपरात संघाच्या बनियनमधला त्याचा फोटो आला, वर मथळा: भूकंपग्रस्तांचे पत्रे चोरणारा कबड्डीपटू.

आमच्या लीगच्या कमिटीची बैठक एका लॉजच्या हॉलमध्ये झाली. अध्यक्षांचं म्हणणं होतं, कोर्टात काय होतं ते पाहू, तोवर थांबू. तेव्हा मास्तर उभे राहिले.

"ढिगाऱ्यावरचं खाणाऱ्यासाठी मी शिट्टी वाजवणार न्हाई," ते म्हणाले. "कायमचा काढा."

ज्याचं घर ढिगाऱ्याखाली गेलं त्याच्यापुढे कोण बोलणार? सगळ्यांचे हात वर झाले. पत्रेवाला दाराबाहेरच उभा होता. बाहेर पडताना तो मास्तरांना आडवा आला.

"मास्तर, बहिणीचं घर बघून तरी या."

"माझ्या भावाचं तू बघितलंस ना?" मास्तर म्हणाले आणि जिना उतरले.

हे वाक्य मला अजून टोचतं. भावाचं घर त्यानं नुसतं पाहिलं नव्हतं. ते कुठं होतं हे आम्हाला कळलं ते त्याच्यामुळेच.

कोर्टानं त्याला समज देऊन सोडून दिलं. तो कमिटीकडे आला, तर उत्तर मिळालं की कोर्टाचं कोर्टापाशी, आमचा निर्णय आमच्यापाशी. त्याला दुसरं काही येत नव्हतं. तो मुखेडच्या बाजारात पोती उचलू लागला.

पुढे लातूरचे दिवस बदलले. जिथे आधी अडत आणि भुसार होतं, तिथे गल्लोगल्ली क्लास निघाले. चौकाचौकात गुणवंत पोरांचे फोटो लागले. पोराच्या बारावीसाठी आई गाव सोडून एका खोलीत येऊन राहायची आणि बाप गावाकडे हातानं भाकरी थापायचा. अशाच एका क्लासची शाखा नांदेडला उघडली आणि क्लासच्या मालकानं आमची लीग दत्तक घेतली. मंडप आला, माईक आला, खेळाडूंच्या पाठीवर क्लासचं नाव आलं. माझ्या टेबलाला पहिल्यांदाच टेबलक्लॉथ मिळाला.

मालकाचा पुतण्या चढाई करायचा. चढाई देखणी होती, ते मी नाकारणार नाही. पायाच्या नुसत्या वेगावर तो तिघांतून परत यायचा आणि बायाबापड्यासुद्धा टाळ्या पिटायच्या.

ऐन लीगमध्ये त्यानं बायकोला पट्ट्यानं मारलं. ती दवाखान्यात होती. तिचे वडील नायगावचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. पोलिसात तक्रार देऊन ते कमिटीपुढे आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले. कुणी त्यांना खुर्ची दिली नाही. मी माझी दिली, तर ते बसले नाहीत.

"तिला डाव्या कानानं आता ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "मी तुमच्याकडं काही मागून न्हाई राहिलो. फक्त जावई लोकांच्या टाळ्या घेऊन राहिलेत, एवढं बघा."

अध्यक्ष त्यांना समजुतीच्या सुरात म्हणाले, "गुरुजी, घरातलं घरात मिटवा. फायनल तोंडावर आलीय." मग शिक्षा ठरली: दोन सामने बाहेर. ते दोन सामने जिल्ह्यातल्या सगळ्यात दुबळ्या संघांशी होते. फायनलला तो मोकळा. म्हातारा टोपी घालून निघून गेला.

मास्तर इतका वेळ खाली पाहत होते. आता बोलले.

"पत्र्याला जन्मभर, आन बाईला दोन सामने?"

खजिनदार हसले. "मास्तर, तुम्हीच म्हणता ना, रेषेबाहेरचं पोलिसाचं?"

"म्हणत व्हतो. एकदाच मोडलं. मोडलं ते हमालावर." मास्तरांचा आवाज चढला नव्हता. "त्याला परत घ्या. न्हाई तर ह्यालाबी कायमचा काढा. दोन्हीतलं एक करा."

"त्याला परत घेतलं तर तेव्हा आपण चुकलो असं होईल," अध्यक्ष म्हणाले.

"चुकलोच हाव. सगळ्यात आधी मी."

मास्तरांचा एकट्याचाच हात वर राहिला. मला कमिटीत मत नव्हतं, आणि असतं तरी एकाचे दोन झाले असते, एवढंच.

मी त्यानंतर या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. संस्था शिक्षा देताना गुन्हा किती मोठा ते पाहत नाही, हा माणूस गेला तर आपलं काय जाईल ते पाहते. पत्रेवाला गेला तेव्हा डावा कोपरा रिकामा झाला, दुसऱ्या दिवशी तिथे दुसरा उभा राहिला. चढाईवाला गेला असता तर मंडप गेला असता. शिक्षा पोलिसावर सोडायची तर सगळ्यांचीच सोडा. आपण करायची तर एकाच वजनानं करा. पण वजन आपल्या हातात आलं की आपण आधी समोरच्याच्या अंगावर घोंगडी आहे की शाल ते पाहतो, हे मला त्या हॉलमध्ये दिसलं.

फायनलला मास्तर येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी. रांग उभी राहिली.

"हात दाखव."

चढाईवाल्यानं हसत हात पुढे केले. मास्तरांनी उजवा हात धरला आणि धरूनच ठेवला. तळवा पाहिला. उलटा करून पाहिला. नखं नीट कापलेली, हात स्वच्छ. नियमात त्या हाताविरुद्ध काही नव्हतं. चढाईवाला थोपटण्याची वाट पाहत राहिला. मास्तरांनी हात नुसता सोडला आणि पुढच्याकडे वळले. लोकांच्या ते लक्षातही आलं नाही. मी मात्र पाहत होतो.

सामना त्यांनी चोख खेळवला. चढाईवाल्याला मिळायचा तो प्रत्येक गुण दिला. एकदा तो वादात सापडला, तर मास्तरांनी त्याच्याच बाजूनं बोट दाखवलं, कारण परतताना त्याचा पाय खरोखर मधल्या रेषेला लागला होता. त्याचा संघ जिंकला. गुलाल उडत असताना मास्तर माझ्या टेबलापाशी आले, गळ्यातली दोरी काढली, शिट्टी आणि नेलकटर दोन्ही माझ्या कागदांवर ठेवलं.

"गुरुजी, ठेवा तुमच्यापाशी."

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत.

एकदा मुखेडच्या बाजाराच्या दिवशी म्हणाले, "चला माझ्यासंगं." आम्ही एस.टी.नं गेलो. अडतीच्या दुकानासमोर पत्रेवाला टेम्पोतून पोती उतरवत होता. केस पांढरे झालेले, एक गुडघा वाकत नव्हता. आम्हाला पाहून तो थांबला.

"तुला परत घ्या म्हणून मी सांगून बघितलं," मास्तर म्हणाले. "न्हाई ऐकलं कुणी."

"आता कशाला, मास्तर? गुडघा गेला."

सवयीनं मास्तरांच्या तोंडातून गेलं, "हात दाखव."

पत्रेवाल्यानं हात पोत्यावरून काढले नाहीत. "माझे हात तुम्ही बघितलेत. बांधलेबी तुम्हीच."

मास्तरांनी स्वतःचे दोन्ही हात त्याच्यापुढे केले. आधी तळवे वर, मग उलटे. आयुष्यभर रांगेतल्या पोरांनी त्यांच्यापुढे धरले होते, अगदी तसे. बाजारातली माणसं बघू लागली. एक मिरचीवाली तर तराजू तसाच धरून राहिली. पत्रेवाला त्या हातांकडे खूप वेळ पाहत होता. हात लावला नाही.

"जावा, मास्तर," तो शेवटी म्हणाला. "गाडी चुकल."

आणि त्यानं पोतं पाठीवर घेतलं.

परतताना मास्तर खिडकीशी बसले होते. हात मांडीवर, तळवे वर. "त्यानं बघितले खरे," ते म्हणाले. "पण थोपटलं न्हाई." मी दुसरीकडे पाहिलं. मला रडू येत होतं.

पुढे मास्तरांनी अंथरूण धरलं आणि त्यातून उठले नाहीत. अंगणात तिरडी बांधून झाली. लीगचे लोक हार घेऊन आले. चढाईवाला आता कमिटीत होता. तो दोन शब्द बोलला आणि मास्तरांनी खेळात शिस्त आणली असं म्हणाला. त्याची नखं तेव्हाही नीट कापलेली होती.

उचलायची वेळ झाली तेव्हा पत्रेवाला फाटकातून आत आला. मुखेडहून गाडी उशिरा लागली होती. गर्दीतून लंगडत तो तिरडीपाशी गेला, खाली बसला आणि पांढऱ्या कापडाखालून मास्तरांचा उजवा हात बाहेर काढला. तळवा पाहिला. उलटा केला. आजारपणात नखं वाढली होती.

"गुरुजी, ते नेलकटर हाय का?"

माझ्या खिशातच होतं. कुणीतरी म्हणालं, आता कशाला रे. त्यानं ऐकलं नाही. एकेक बोट धरून त्यानं दोन्ही हातांची नखं कापली.

मी वाट पाहत होतो. त्यानं थोपटलं नाही. हात जागेवर ठेवले, वर कापड नीट ओढलं, "उचला" म्हणाला, आणि पोती वाहून घट्टे पडलेला खांदा पुढे केला.