एक प्यादं ठेवायचं असतं

उस्ताद पट मांडायचे आणि पहिली चाल करण्याआधी समोरच्याच्या बापाला शिवी द्यायचे. माझा बाप जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, तरी मला सवलत नव्हती. शिवी देऊन ते माझ्या कानांकडे बघत. कान लाल झाले की पट उधळून टाकत आणि म्हणत, "जा घरी. हरलास तू." अजून एकही मोहरं हललेलं नसे.

मुरुमजवळच्या आमच्या गावात त्यांचा धंदा पिंजाऱ्याचा. मिशीत, भुवयांत कायम कापूस. चाळिशीतच माणूस म्हातारा दिसायचा. पण बुद्धिबळात त्यांना जोड नव्हती. आमचा हात घाईनं मोहऱ्याकडे गेला, की कापूस पिंजायच्या धनुकलीवर मारायचा लाकडी ठोकळा ते बोटांवर हाणत. माझी करंगळी त्यांनीच मोडली. मी कळवळलो, तर म्हणाले, "हाड काय, महिन्यात जुळतंय. ह्या घाईचं काय करतूस?" असा माणूस मला जिवापाड आवडायचा, हे आज कुणाला सांगून पटत नाही.

आमच्या देशी खेळात एक कायदा होता. समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा पाडला, तर डाव बुर्जी व्हायचा. बुर्जी म्हणजे जीत नव्हे, बरोबरी. जिंकायचं असेल तर शत्रूचं एखादं तरी प्यादं जिवंत ठेवूनच मात द्यावी लागे. उस्तादांचा सगळा जीव या कायद्यात. "मारतेत समदेच. ठिवतो कोण, ते बघायचं. ठिवाया राग गिळावा लागतो," ते म्हणायचे. हे त्यांना त्यांच्या आजोबांनी शिकवलेलं, आजोबांना आणखी कुणी. किती जुनं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

निजामी अमलाचं ते शेवटचं वर्ष. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात चिठ्ठ्या पोचवताना सापडला. ठाण्याच्या अमीनाला, म्हणजे फौजदाराला, बुद्धिबळाचा नाद होता आणि दर शुक्रवारी तो उस्तादांकडून मात खायचा. त्यानं निरोप धाडला : एक डाव खेळू, जिंकलात तर कैदी घेऊन जा. आई उस्तादांच्या पायावर डोकं ठेवायला वाकली, तशी ते मागं सरले. "म्या खेळून आणतो त्याला, बाई. जिवाला घोर लावू नका."

ठाण्यात गेल्यावर अमीन हसला. "तुमच्याशी न्हाय, उस्ताद. तुमच्या चेल्याशी खेळणार." उस्तादांनी किती विनवलं! शेवटी मीच पटावर बसलो.

खेळायला तो कच्चाच होता. दुपार टळायच्या आत त्याच्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं. माझा वजीर, हत्ती शाबूत. एका चालीत मात होती. अमीनाला ते दिसलं. त्यानं दादाला आणवलं. दादाचा एक डोळा सुजून मिटला होता. अमीनानं ओठातली विडी काढली आणि माझ्याकडे बघत दादाच्या मानेवर टेकवली. दादा ओरडला नाही, नुसता गुडघ्यांवर आला.

"चाल की," अमीन म्हणाला.

पाठीमागून उस्ताद हळूच म्हणाले, "ठिव." मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि वजीर उचलून ते प्यादं मारलं.

अमीनानं टाळी वाजवली. "बुर्जी! वा रे चेला! जीत कुठाय?"

दुसऱ्या दिवशी दादाला मोठ्या तुरुंगात धाडलं. पंधरवड्यानं तो मेल्याचा निरोप आला. मातीही मिळाली नाही.

डावाच्या दिवशी ठाण्यातून परतताना मी उस्तादांच्या शिवीची वाट बघत होतो. ती आलीच नाही. दारात आई धावत आली. "उस्ताद, कुठाय माझं लेकरू?"

"म्या खेळलो, बाई. म्याच चुकलो," उस्ताद म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मीही तोंड उघडलं नाही.

पुढं रोज ते धनुकली खांद्यावर टाकून आमच्या दारावरून जात, आणि आई त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. एकदा तिनं शेणकाल्याची बादली त्यांच्या अंगावर रिकामी केली. ते थांबत, तिचं संपेपर्यंत ऐकत आणि मग कामाला जात. त्यांना वाट बदलता आली असती. मी खिडकीआड उभा राहून बघायचो. मला माझीच किळस यायची, पण पाय बाहेर पडत नसत.

पोलीस ॲक्शननंतर गावातल्या मुसलमानांची घरं रिकामी होऊ लागली. उस्तादांनी बायकामुलांना गाडीत बसवलं आणि ते निरोपाला आमच्या दारात आले. आईनं दार लावून घेतलं. "येतो, बाई," ते बाहेरून म्हणाले. परत कधी दिसले नाहीत.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. अखेरच्या दुखण्यात माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणायची, "त्या पिंजाऱ्याच्या जागी तू बसला असतास, तर माझा दादा घरी आला असता."

मी तिचे पाय चेपत राहायचो.