‘हफल’ नव्हे, एच. एफ. एल.

बापूराव ठोसर गेल्याची बातमी मला धाडच्या बाजारात कळली आणि हातातली मेथीची जुडी मी तशीच खाली ठेवली. आदल्याच आठवड्यात त्याला दवाखान्यात भेटून आलो होतो. मला शेवटचं खडसावायचं काम त्याने तिथेच उरकून घेतलं होतं…

नवं राज्य झालं तेव्हा आम्ही दोघं धाडजवळच्या पुलावर ओव्हरसिअर होतो. आजवरच्या सगळ्यात मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढलं, तिथे पुलाच्या खांबावर लाल रेघ मारायची आणि शेजारी एच, एफ, एल ही ‘हायेस्ट फ्लड लेव्हल’ची इंग्रजी अक्षरं काढायची, ही आमच्या खात्याची रीत. रेघेची जागा गावातली म्हातारी माणसं दाखवत. तिच्यावरून आमचं कधी वाजलं नाही. वाजायचं ते अक्षरांवरून. मी एका दमात ‘हफल’ म्हणून मोकळा होई. बापूराव एकेक अक्षर सुटं उच्चारी, आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पोचेतो माणूस उंद्री गावाला जाऊन चहा पिऊन परत येई.

“काऊन बे, इंग्रजानं हरेक अक्षरामांगं टिंब देल्लं, तो काय येडा होता?”

“तुहं बोलणं होईलोक पूर येऊन ओसरून जाईन,” मी म्हणे.

खातं दुभंगलं. रोलरवाले रहीमभाई त्याच्या बाजूचे, डांबरवाले माझ्या. चहाच्या किटल्यासुद्धा वेगळ्या झाल्या. मग पुण्याकडचे एक साहेब तपासणीला आले आणि खांबाकडे बोट दाखवून चक्क ‘हेफेल’ म्हणाले. बापूरावने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे… जीप वळणाआड गेली आणि किटली पुन्हा एक झाली.

दवाखान्यात मात्र तो कुणालाच ओळखत नव्हता, बायकोलाही नाही. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुमी बोलून पाहा. तुमच्याशी भांडल्याबिगर त्याईले जेवण जात नव्हतं.” हाका मारल्या, खांदा हलवला, नजर छतावरून हलेना. शेवटी कानाशी वाकलो. “बापू, पाणी हफलच्या वर चाल्लं.”

ओठ हलले. “एच…” वहिनींनी पदर तोंडाला लावला. “एफ…” उंद्रीचा चहा पिऊन झाला, पैसे देऊन झाले. “एल, बे.”

त्यातला ‘बे’ खास माझ्यासाठी होता. वहिनींना तेवढ्यावर हसू आलं.

परवा एस.टी.तून उतरून पुलाखाली गेलो. रेघ फिकी पडली आहे, पण अक्षरं त्याच्या हातची, प्रत्येकामागे नारळाएवढं टिंब. त्याच्या मानाखातर तिन्ही सुटी सुटी वाचली. मग आजूबाजूला कुणी नाही असं बघून मोठ्यांदा ‘हफल’ म्हणालो, आणि उत्तरासाठी थांबलो…